माठाखालचा दगड

“…आणि वरून सोडलेला केस याच्यावर पडून दोन होतो, तर मग या वस्तऱ्यात खोट काय आहे ते तरी सांगा.”

अंबादास काशीद खालच्या पायरीवर उभा होता. वर ओट्यावर सखाहरी नाना बसले होते, प्रवरेकडे तोंड करून. ते सुपारी कातरत होते.

अडकित्ता चालूच राहिला.

अंबादासनं डोक्याचा एक केस उपटला. वस्तरा उघडला, पातं आडवं धरलं आणि केस वरून सोडला.

केसाचे दोन तुकडे झाले.

“पाहिलंत?”

“पाहिलं,” नाना म्हणाले. “धार आहे.”

“मग?”

“मग काय? खोट आहे असं मी कुठं म्हणालो?”

नानांचा हात कापू लागला त्याच दिवशी त्यांनी काम सोडलं होतं. कुणी सांगायची वाट पाहिली नाही. तेव्हापासून ते या ओट्यावर बसत. आसपासच्या गावांतले न्हावी आपले वस्तरे घेऊन येत आणि दाखवत. नाना पाहत आणि एखादा शब्द बोलत. ज्याला तो कळे, तो शिके. ज्याला कळत नसे, तो नानांना म्हातारचळ लागलाय म्हणून सांगत फिरे.

अंबादास त्यांचाच शिष्य. बापाच्या हाताखाली पोरगा शिकत नाही, म्हणून त्याचा बाप गेनबा, जो स्वतः नावाजलेला न्हावी, त्यानंच त्याला नानांकडे घातला होता. अंबादास शिकला. चांगला शिकला. नाव झालं तसं त्याचं इकडे येणं बंद झालं.

आज तो आला होता.

“खोट तुम्ही नाही काढली,” तो म्हणाला. “आबा काढतात.”

“काय म्हणतो गेनबा?”

“म्हणत काहीच नाहीत. भिंतीकडे तोंड फिरवतात.”

पावसाळ्याच्या आधी गेनबाच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू लुळी पडली. जीभ जड झाली. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात स्वतःची दाढी केल्याशिवाय चहाचा कप तोंडाला लावला नाही, त्याची दाढी आता गळा झाकू लागली होती. अंबादास करायला बसला तेव्हा जबड्याच्या वळणावर कापलं. पुन्हा बसला, पुन्हा तिथंच कापलं. त्यानंतर म्हातारा साबणाचा वास आला तरी तोंड फिरवी.

“उद्या खंडेनवमी,” अंबादास म्हणाला. “हत्यारं पुजायची. आबा हातानं दाखवतात, ही दाढी घेऊन मी हत्यारांपुढे बसणार नाही. घरात धडधाकट न्हावी, आणि बाप बैराग्यासारखा! लोक काय म्हणतात ठाऊक आहे? नाव जातं माझं.”

“नाव,” नाना म्हणाले.

“…आणि बापही जाईल एक दिवस. असाच.” अंबादासचा आवाज खाली आला. “तसा जाऊ नये.”

नानांनी अडकित्ता खाली ठेवला.

“वर ये. माझी दाढी कर.”

“तुमची?”

“का? माझी काय बकऱ्याची आहे?”

अंबादास ओट्यावर चढला. त्यानं हत्यारांची धोपटी उलगडली, वाटीत पाणी घेतलं, साबण फिरवला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा वरखाली ओढला. तो आवाज ऐकून नानांनी डोळे मिटले. पट्ट्यावरचा हात चांगला होता. त्यात त्यांना शंका नव्हती.

उजवा गाल लोण्यासारखा निघाला. अंबादासच्या चेहऱ्यावर तेज आलं. हाताचा अभिमान वाईट नाही. तो नसेल तर माणसानं वस्तरा धरू नये.

मग हात जबड्याच्या वळणावर आला.

नाना हलले नाहीत. पण फेसात लाल रेघ उमटली.

अंबादासनं घाईघाईनं तुरटी काढली. नानांनी त्याचा हात बाजूला केला, रक्त बोटावर घेतलं आणि पाहिलं.

“इथंच?”

“…हो. आबांनाही तिथंच.”

“बरं.”

“तुमची कातडी सैल आहे, नाना. म्हातारी कातडी वस्तऱ्याखाली गोळा होते…”

“म्हणजे चूक कातडीची.”

अंबादासनं तुरटी परत ठेवली. नदीवर कुणी धुणं आपटत होतं.

“दगड काढ,” नाना म्हणाले.

अंबादासनं धोपटीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेले दोन दगड काढले. काळसर, हिरवट झाक असलेले, हाताला साबणासारखे गुळगुळीत. दुकानात मिळणारे नव्हेत. गेनबाच्या आज्यानं डोंगरातल्या एकाच शिळेतून ते फोडून आणले होते. धारेचे असे दगड एकदा घरात आले की पिढ्या काढतात. घरातली माणसं त्यांना नावानं ओळखत. हा थोरला. हा मधला.

“दगडाला नावं ठेवायला मात्र जागा नाही,” अंबादास म्हणाला. त्यानं दोन्ही दगड ओले केले आणि एकावर एक ठेवून दाबले. मग वरचा उचलला. खालचा त्याला चिकटून वर आला.

“बघा! मध्ये वारा शिरत नाही. रोज घासतो एकमेकांवर. असे सपाट दगड तालुक्यात दाखवा.”

“एकमेकांवरच घासतोस?”

“मग आणखी कुणावर?”

नानांच्या मांडीजवळ त्यांचा स्वतःचा दगड होता, ओल्या फडक्याखाली. काम सुटलं तरी त्यांनी फडकं सुकू दिलं नव्हतं. त्यांनी फडकं काढलं.

अंबादासचा थोरला दगड त्यांनी त्यावर पालथा ठेवला. कापत्या बोटानं त्याच्या कोपऱ्याला टिचकी मारली.

दगड फिरला. भिंगरीसारखा, जागच्या जागी.

अंबादास बघत राहिला.

नानांनी थोरला काढला आणि मधला ठेवला. त्याला टिचकी मारली. तो फिरला नाही. पण नानांनी दोन्ही दगड जोडीनं उचलून उन्हाकडे धरले, तेव्हा मधल्या फटीतून उजेड आला. काजळाच्या रेघेएवढा.

“असं कसं?” अंबादास म्हणाला.

त्यानं आपले दोन्ही दगड हिसकावल्यासारखे घेतले आणि पुन्हा एकमेकांवर लावले. चपखल बसले. वेगळे केले, थोरला नानांच्या दगडावर ठेवला. फिरला. पुन्हा एकमेकांवर लावले. बसले.

थोरल्याचं पोट वर आलं होतं. मधल्याच्या पोटात खळगा पडला होता. रोज एकमेकांवर घासून घासून दोघांनी एकमेकांना तसं घडवलं होतं. त्यांचं आपसात चांगलं जमत होतं. सपाट कुणीच नव्हतं.

“धार कुठल्यावर लावतोस?”

“थोरल्यावर.”

नानांनी अंबादासचा वस्तरा घेतला आणि पात्याची धार आपल्या सपाट दगडावर अलगद टेकवली. दोन्ही टोकं टेकली. मधली धार अधांतरी राहिली.

“केस तू मध्ये टाकतोस,” नाना म्हणाले. “तो तुटतो. गालात टोक शिरतं.”

अंबादासनं वस्तरा मिटला. पुन्हा उघडला. त्याचे कान लाल झाले होते.

“दगडांचं तेवढं आबांनीच असं शिकवलं. दगडावर दगड. मी काही वेगळं केलं नाही.”

“किती दगड?”

अंबादासनं दगडांवरचं पाणी पुसलं.

“किती रे?”

“…तीन.”

“कसे घासायचे?”

“थोरला मधल्यावर. मधला धाकट्यावर. धाकटा थोरल्यावर.” पाठ केलेलं तो म्हणून गेला. “जोडी बदलत राहायची. मग कुणाचं पोट वाढत नाही, कुणाला खळगा पडत नाही.”

“धाकटा कुठं आहे?”

“सुदामकडे.”

सुदाम त्याचा धाकटा भाऊ. वाटणी झाली तेव्हा घराचे दोन भाग झाले, भांड्यांचे दोन भाग झाले. तीन दगडांचे दोन भाग होईनात. अंबादास थोरला. त्यानं दोन घेतले. सुदामनं एक उचलला आणि वेशीजवळ दुकान थाटलं. गेनबाची जीभ तेव्हा धड होती. तो एक शब्द बोलला नाही. पण पुढच्या खंडेनवमीला पाटावर दोनच दगड मांडलेले पाहून त्यानं थोरल्याला हळद लावली, मधल्याला लावली आणि तिसरी चिमूट बोटांत धरून बसून राहिला. शेवटी ती त्यानं आपल्याच धोतराला पुसली.

“त्याला दगड हवाय कशाला?” अंबादासचा आवाज चढला. “त्याच्याकडे फिरती खुर्ची आहे, समोर आरसा, मागे आरसा. ब्लेड अर्धं मोडून लावतो, गिऱ्हाईक उठलं की फेकून देतो. तो काय न्हावी? तो ब्लेड बदलणारा! आणि आबांचा दगड त्यानं कुठं ठेवलाय, ऐका. माठाखाली! माठ डुगडुगतो म्हणून टेकण दिलंय!”

“तू पाहिलंस?”

“मी कशाला जाऊ? त्याच्या घरचं पाणी पीत नाही मी. बायकोनं सांगितलं.”

“म्हणजे बायको पिते.”

अंबादास फडकं झटकू लागला.

नानांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“वाटणीपासून माठाखालीच आहे?”

“तिथंच. एकदा हात लावला नाही त्याला. शेवाळ चढलं असेल.”

“शेवाळ घासलं की जातं.”

“पण दगडाचा असा अपमान…”

“कुणावर घासला गेला नाही ना तो?”

“नाही म्हणालो ना. तसाच पडून आहे, जसा आबांनी ठेवला होता तस्सा…”

अंबादास मध्येच थांबला.

त्यानं थोरल्याकडे पाहिलं. बोटानं त्याला सहज टिचकी लावली. दगड फिरला आणि बराच वेळ फिरत राहिला…

नाना नदीकडे बघत होते.

“तुमचा दगड द्या,” अंबादास म्हणाला. “आजच्यापुरता. तिसरा म्हणून चालेल. इथंच बसून दोन्ही सरळ करतो.”

नानांनी आपला दगड त्याच्याकडे सरकवला. “घे.”

अंबादास बसला. त्यानं सदरा काढून खांबाला अडकवला आणि घासू लागला. थोरला नानांच्या दगडावर, नानांचा मधल्यावर, मधला थोरल्यावर. काळं पाणी ओट्यावरून ओघळलं. मधून तो पाणी मारी, पुसून उन्हाकडे धरी, पुन्हा घासायला लागे. नाना काही बोलले नाहीत. चुकत असता तर बोलले असते.

ऊन ओट्यावर चढलं. थोरला फिरायचा थांबला. मधल्याच्या फटीतला उजेड बुजला.

मग वस्तरा. आधी दोन्ही टोकं उतरवायची होती. ते काम घाईचं नाही. दाबलं की धारेचा काठ दुमडून कूस येते, सोडलं की काही होत नाही. अंबादासनं दाबलं नाही. आपल्या पोराच्या टाळूवरून हात फिरवावा तसा तो पातं फिरवत होता. शेवटी पट्टा.

“बसा,” तो म्हणाला.

नानांचा डावा गाल राहिला होता. दात नसल्यामुळे तो आत गेलेला. नानांनी तोंडात हवा भरली आणि गाल फुगवला. वस्तरा गालावरून उतरला, जबड्याच्या वळणावर आला, वळला, हनुवटीखाली गेला.

रक्त नाही.

अंबादासनं ओला हात नानांच्या गालावरून फिरवला. मग पुन्हा फिरवला. तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

“झालं! आता आबा तोंड फिरवून दाखवू देत.”

तो धोपटी आवरू लागला.

“गेनबाला गाल फुगवता येतो?” नानांनी विचारलं.

अंबादासचा हात थांबला. “उजवा येतो.”

“डावा?”

“डावा लोंबतो. तिथं हवा राहत नाही… पण त्याचं काय, तोंडात अंगठा घालून आतून ताणीन. आबा म्हाताऱ्यांची तशीच करायचे.”

“बरोबर. एक हात तोंडात.”

“हो.”

“दुसऱ्यात वस्तरा.”

“हो.”

“मान?”

अंबादासनं धोपटी खाली ठेवली. वारं गेल्यापासून गेनबाची मान डावीकडे कलंडत असे. उशीला टेकवली तरी घसरे.

“बायकोला धरायला सांगेन,” तो म्हणाला.

“सांग.”

“का? तिला नाही जमणार?”

“वस्तरा वळायच्या आधी मान वळली पाहिजे. मागून नाही.”

ते अंबादासला सांगायला नको होतं. मान धरायला न्हाव्याचाच हात लागतो. वस्तरा आता कुठं जाणार, हे न बोलता ज्याला कळतं, असा हात. असा हात गावात आणखी एकच होता. त्याच बापाकडे बघत वाढलेला.

“तो यायचा नाही,” अंबादास म्हणाला.

“विचारलंस?”

“मी विचारू? मी थोरला आहे.”

नानांनी बोटानं थोरल्या दगडाला हलकीच टिचकी मारली. तो आता फिरत नव्हता.

“आणि समजा आला,” अंबादास म्हणाला, “तर आयुष्यभर ऐकवेल. दादाला माझी गरज पडली होती म्हणून.”

“पडली नाही का?”

अंबादास ओल्या दगडावरून अंगठा फिरवू लागला.

“मग ऐकवू दे. खोटं तर बोलत नाही.”

अंबादास उकिडवा बसला. त्यानं नानांचा दगड धुतला, फडकं ओलं करून त्यावर पसरलं आणि त्यांच्या मांडीजवळ जागच्या जागी ठेवला. आपले दोन्ही दगड उचलले. सवयीनं एकमेकांवर ठेवायला गेला, आणि थांबला. मध्ये फडक्याची घडी घातली आणि मग गुंडाळले.

“आजच्यापुरतं झालं,” तो स्वतःशीच म्हणाला. “पण परवापासून पुन्हा हे दोघंच.”

नानांनी पुन्हा अडकित्ता उचलला.

अंबादासनं सदरा घातला. नानांच्या पायांना हात लावला. लावायला विसरला होता तो, येताना.

तो पायऱ्या उतरला. खाली वाट फुटते. एक वर त्याच्या घराकडे जाते, दुसरी वेशीकडे, सुदामच्या दुकानावरून. तिथं तो उभा राहिला. धोपटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

मग वेशीच्या वाटेला लागला.

चार पावलं गेला आणि परत फिरला. खालूनच ओरडला.

“नाना! भावाला म्हणू तरी काय? मान धरायला ये म्हणेन, ते एक वेळ जमेल. पण तो दगड? दारात पाऊल टाकल्या टाकल्या माठाखालून दगड ओढू का? माठ भरलेला असेल आता!”

नानांनी जबड्यावरचं सुकलेलं रक्त नखानं खरवडलं.

“भरला माठ हलवत नाहीत, अंबादासा… आधी पाणी पी.”